कोडाच्या डागांना कडक प्रकाश नको

सुरकुत्या, व्रण, कोड, ठिपके असलेल्या चाकोरीबाहेरच्या चेहऱ्यांचे फोटो काढताना बाजूने येणारा कडक प्रकाशच हवा, असा एक सल्ला असतो. सुरकुत्या आणि खोल व्रणांपुरतं ठीक. तिरप्या प्रकाशात त्वचेचा उंचसखलपणा सावल्यांतून कळतो. कोडाचं तसं नाही, तिथे फरक फक्त रंगाचा. खिडकीचा मऊ प्रकाश किंचित बाजूने घ्या, स्पॉट मीटरिंगने (फ्रेममधल्या छोट्याशा भागाचाच प्रकाश मोजणारी सोय) डागावर मोजा आणि त्यावर एक्सपोजर १ ते १.५ स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). ऑटोवर सोडलंत तर सावळ्या त्वचेवर कॅमेरा सगळंच उजळतो, डाग पांढरेफट्ट होतात आणि त्यांच्या कडांची नक्षी, म्हणजे खरी गंमत, उडून जाते. रॉमध्येही (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येही) ती परत येईलच असं नाही.

तपकिरी ठिपके कृष्णधवलमध्ये ठसठशीत हवेत? रंगीत फोटोचं रूपांतर करताना लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा हिस्सा) कमी, निळा जास्त. उलट केलंत तर ठिपके गायब.

आणि लेन्सला उगाच दोष नको. फोटोत नाक फुगलेलं दिसतं ते अंतरामुळे: अर्ध्या मीटरवरून कुठलीही लेन्स तेच करणार. दीड-दोन मीटर मागे सरका, फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) ८५ मिमी लेन्स लावा. मोबाइल असेल तर ब्यूटी मोड आधी बंद!