शब्दचर्चा: लढाऊ वैमानिक ‘एस’ असतो म्हणजे काय?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढलेले भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांच्यावरच्या इंग्रजी मजकुराचं भाषांतर करतोय. त्यात ‘फ्लाइंग एस’ (ace) आहे. टेनिसमध्ये आपण ‘बिनतोड सर्व्हिस’ म्हणतो, म्हणून ‘बिनतोड वैमानिक’ केलं. पुढे: ‘तेरा दिवसांच्या कारकिर्दीत दहा विमानं पाडली.’ ‘दहा बळी’ जास्त चांगलं वाटेल का?

— ‘बिनतोड’ काढा. शब्द पत्त्यांतला आहे. पहिल्या महायुद्धात फ्रेंच वृत्तपत्रं अशा वैमानिकाला ‘आस’ म्हणू लागली, म्हणजे एक्काच. तेव्हा ‘एक्का’ लिहा, पण ‘हुकमाचा’ जोडू नका. तो ऐनवेळी टाकायचा असतो. इथे मोजणी आहे, पाच किंवा जास्त विजय. शिवाय ब्रिटिश लष्कराने हा किताब अधिकृतपणे दिलाच नाही, म्हणून ‘एक्का ही पदवी मिळाली’ हेही नको.

— ‘बळी’ तर नकोच. मोजतात विमानं, माणसं नाहीत. हॅनोव्हर हे जर्मन विमान दोन माणसांचं; खाली गेलं तरी विजय एकच.

— खरी गफलत ‘पाडली’मध्ये आहे. ब्रिटिश नोंदीत विजय फक्त पाडलेल्याचा नसे. पेटलेलं, हवेत तुटलेलं किंवा आदळताना दिसलेलं विमान ‘नष्ट’. हाती लागलेलं वेगळं. आणि ‘आउट ऑफ कंट्रोल’, म्हणजे ताबा सुटून गरगरत गेलेलं, तेही विजयातच धरत. आता पाठलाग चुकवायला वैमानिक मुद्दाम गिरकी घेत आणि खाली जाऊन विमान सावरत. वरून दोन्ही सारखंच दिसायचं. त्यात झुंजी बहुतेक जर्मन हद्दीवर. सांगाडा बघायला जाणार कोण? रॉय यांचे दहा विजय असे: पाच नष्ट, पाच ताबा सुटलेले, दोन्हींत एकेक भागीदारीतला. भागीदारीतलाही पूर्ण एक धरलाय.

— ‘कारकीर्द’ही दुरुस्त करा. 1917च्या ऑक्टोबरात ते 56 स्क्वाड्रनमध्ये (विमानांच्या तुकडीत) होते, 6 डिसेंबरला विमान आदळून जखमी झाले, जून 1918मध्ये 40 स्क्वाड्रनमध्ये आले. 6 ते 19 जुलै हा विजयांचा काळ, दोन्ही दिवस धरून चौदा दिवस. 8 तारखेला एकाच दिवशी तीन. 22 जुलैला फ्रान्समधल्या कार्व्हँवर फोकर डी.सात या जर्मन लढाऊ विमानांशी झुंजताना गेले, वय 19.

— त्याच मजकुरात ‘बंदुकीत पुन्हा बार भरला’ असेल तर तेही खोडा. बार ठासणीच्या बंदुकीत भरतात. रॉय यांच्या एस.ई.5ए विमानावर दोन मशीनगन: विकर्स पट्ट्यावर चालणारी, नाकावरच्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडणारी, लुईस वरच्या पंखावर, 97 गोळ्यांची थाळी असलेली. थाळी संपली की बंदूक वाकड्या रुळावरून वैमानिकाने आपल्या तोंडाशी ओढायची, वाऱ्याच्या झोतात जुनी थाळी काढून नवी बसवायची आणि बंदूक परत वर ढकलायची. ‘थाळी बदलली’ एवढं पुरे.

— मग असं करतो: ‘जुलै 1918मध्ये चौदा दिवसांत दहा हवाई विजय नोंदवणारे एक्के वैमानिक.’

— ‘एक्का वैमानिक’. आदरार्थी अनेकवचन क्रियापदाला लावा, एक्क्याला नको. नाहीतर चारही एक्के एकाच हातात आल्यासारखं वाटतं.