शांतता आणि खोली
अमेरिकी संगीतकार जॉन केज यांची ‘४ मिनिटे ३३ सेकंद’ ही रचना निव्वळ चमत्कृती आहे, तिच्यात संगीत नाहीच, हा आक्षेप मला मान्य नाही. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथे ती सादर करण्यासाठी पियानोवादक डेव्हिड ट्यूडर पियानोसमोर बसले आणि तिच्या तिन्ही भागांत त्यांनी एकही स्वर वाजवला नाही. पण त्या अवधीत बाहेरचा वारा, छपरावरचा पाऊस आणि अखेरीस श्रोत्यांचीच कुजबुज ऐकू येत होती, असे केज यांनीच पुढे सांगितले. रचनाकाराने ठरवला तो केवळ कालावधी.

मला मात्र याहून अधिक हलवून सोडते ती अमेरिकी संगीतकार ॲल्विन लूसिएर यांची १९६९ मधील ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’ ही रचना. एका खोलीत बसून ते काही वाक्ये बोलतात, ते ध्वनिमुद्रण त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित करतात, आणि हे इतक्या वेळा करतात की शब्द विरघळत जातात, त्यांचे बोलताना अडखळणेही (त्याचा उल्लेख ते स्वतःच करतात) विरून जाते आणि उरतो तो त्या खोलीने उचलून धरलेल्या, म्हणजे तिच्यात अधिक घुमणाऱ्या, कंप्रतांचा (ध्वनीच्या दर सेकंदाच्या कंपनसंख्यांचा) घंटेसारखा नाद. येथे खोली हेच वाद्य आहे, आणि त्या नादाला गोंगाट म्हणणे मला तरी शक्य होत नाही.