'पृष्ठभागीय रेणू'ला दुसरा शब्द सुचवा

रिकामटेकडी: काळा आजारवाल्या लेशमानिया या एकपेशीय परजीवीवरचा एक लेख मराठीत करतेय. परजीवीच्या सर्फेसवरचे रेणू त्याला मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणारी आपली रोगप्रतिकारक पेशी) आत तगून राहायला मदत करतात, असं सांगायचंय. 'पृष्ठभागीय रेणू' लिहिलं तर मैत्रीण हसत सुटली, म्हणे पृष्ठभाग म्हणजे बूड!

काटेकोर: हसू द्या. चंद्राचा पृष्ठभाग म्हणताना कोणी हसत नाही. खटकतंय ते 'परजीवी', ते हिंदी. आपलं 'परोपजीवी'.

आडवळण: कवचरेणू म्हणा की.

सूक्ष्मदर्शी: कवच नको, नुसता बचावच वाटतो. अंगावर एलपीजीची (गॅस नव्हे हो, लायपोफॉस्फोग्लायकॅन, साखर-मेदाचा रेणू) दाट लव असते, सँडफ्लायच्या (हा परजीवी पसरवणारी माशी) पोटात परजीवी तयार होता होता ती लांबते, मग रक्तातल्या कॉम्प्लिमेंट (जंतू मारणाऱ्या) प्रथिनांना त्याच्या पटलाला भोक पाडता येत नाही. इथवर कवच ठीक. पण शेजारीच जीपी-६३ नावाचं एन्झाइम असतं, ते अंगाला चिकटलेलं सी३बी हे कॉम्प्लिमेंट प्रथिन कापून निष्क्रिय करतं आणि नेमकं तेच कापलेलं रूप धरून मॅक्रोफेज याला गिळतो, फारसा आरडाओरडा न करता. याला गिळलं जायचंच असतं!

आडवळण: मग प्रवेशपत्र-रेणू 😄

रिकामटेकडी: 'लव' झकास, पण जीपी-६३ त्यात बसत नाही. 'अंगावरचे रेणू' चालेल?

काटेकोर: बोलीत चालेल, लेखात नाही. आणि 'होस्ट'ला यजमान लिहिणार असाल तर थांबा. यजमान म्हणजे यज्ञ करवणारा, आपणहून बोलावणारा. पेशीने कुठे बोलावलंय?

आडवळण: ग्रीकमध्ये पॅरासाइट म्हणजे दुसऱ्याच्या पानाशेजारी बसून जेवणारा, मग यजमान फिट्टच की. आजी मात्र नवऱ्याला यजमान म्हणायची, तिने 'यजमानाच्या पेशी' वाचलं असतं तर घाबरलीच असती.

सूक्ष्मदर्शी: शब्द कुठलाही घ्या, पण 'तगायला मदत' सरसकट लिहू नका. काळा आजार करणाऱ्या डोनोवानी जातीत एलपीजीमुळे फॅगोसोम (गिळलेला जंतू असलेली पिशवी) आणि लायसोसोम (पाचक रसाची पिशवी) जुळणं लांबतं हे खरं, पण लेशमानियाच्याच मेक्सिकाना जातीतून एलपीजी काढून टाकलं तरी ती मॅक्रोफेजात खुशाल राहते. आणि आत शिरून अमॅस्टिगोट (परजीवीचं पेशीच्या आतलं रूप) झाला की डोनोवानीकडेही एलपीजी जवळपास उरत नाही, तरी तो पीएच ५ च्या आसपासच्या आम्लातच वाढतो.

काटेकोर: यजमानाऐवजी 'पोशिंदा' घ्या, अस्सल मराठी.

आडवळण: पोशिंदा म्हणजे प्रेमाने पोसणारा. मॅक्रोफेज याला मारायला निघालेला असतो राव!

काटेकोर: मग 'आश्रयदाता'.

आडवळण: तोही आपणहूनच देतो की आश्रय!