पाण्याच्या भांड्यांचा प्रयोग: दोन्ही गटांचे निकाल सारखेच आले, कुठे चुकलं?

प्रश्न | सायको_एफवाय
मेंटल सेटवरचं (एकदा जमलेली रीतच पुन्हा पुन्हा वापरायची सवय) प्रॅक्टिकल म्हणून लुचिन्सचा पाण्याच्या भांड्यांचा प्रयोग घेतला. दिलेल्या मापांच्या भांड्यांनी सांगितलं तेवढं पाणी मोजायचं असतं. प्रायोगिक गटात १५ आणि नियंत्रित गटात १५ जण. सरावाची उदाहरणं सोडवलेला गट ७व्या उदाहरणातही लांबच्याच रीतीने जाईल आणि दुसरा गट सरळ रीत काढेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन्ही गटांत बहुतेकांनी लांबचीच रीत वापरली. सूचना दोन्हीकडे सारख्या होत्या, २१-१२७-३ चं उदाहरण फळ्यावर दोन्ही गटांना सोडवून दाखवलं होतं. शिवाय ९वं उदाहरण चुकीचं छापलंय अशी काहींची तक्रार. जर्नलमध्ये काय लिहू? ज्यांना सरळ रीत सुचली नाही त्यांची बुद्धिमत्ता कमी, असा निष्कर्ष चालेल का?

उत्तर | प्रयोगवही
घोळ फळ्यावरच झालाय. २१, १२७ आणि ३ मापांच्या भांड्यांनी १०० मोजायचे, तर मधलं भांडं भरायचं, त्यातून पहिलं एकदा आणि तिसरं दोनदा भरून काढायचं: १२७ − २१ − ३ − ३. नेमकी याच रीतीची सवय फक्त प्रायोगिक गटाला लागायला हवी होती. तुम्ही ती नियंत्रित गटालाही शिकवून ठेवलीत. त्यांना दाखवायचं ते २९ आणि ३ चं १लं उदाहरण, २० मोजायचे: २९ − ३ − ३ − ३. त्यातून नियम कळतात, रीत हाती लागत नाही. मग थेट ७वं द्यायचं.

प्रायोगिक गटाला मधली पाच सलग द्या (आधी तीन भांडी, मग मोजायचं माप):
२) २१, १२७, ३, १००
३) १४, १६३, २५, ९९
४) १८, ४३, १०, ५
५) ९, ४२, ६, २१
६) २०, ५९, ४, ३१
पुढची दोन्ही गटांना:
७) २३, ४९, ३, २०
८) १५, ३९, ३, १८
९) २८, ७६, ३, २५
१०) १८, ४८, ४, २२
११) १४, ३६, ८, ६

७व्यात ४९ − २३ − ३ − ३ करूनही २० येतात आणि नुसतं २३ − ३ करूनही. ८व्यात १५ + ३ पुरे. दोन्ही रीतींनी उत्तर एकच येत असल्याने नुसतं उत्तर तपासून काही कळणार नाही. प्रयुक्ताने (ज्याच्यावर प्रयोग घेता त्याने) पायऱ्या लिहिल्याच पाहिजेत, हे सूचनेतच सांगा.

९वं बरोबर छापलंय. जुन्या रीतीने ७६ − २८ − ३ − ३ म्हणजे ४२ येतात. तिथे ती रीत मुद्दाम बंद पाडलेली आहे, २८ − ३ केलं की झालं. 'गणितच चुकलंय' म्हणणारे प्रयुक्त हा तर मेंटल सेटचा उत्तम नमुना. त्यांचे शब्द जसेच्या तसे निरीक्षणात घाला. मात्र ९व्याने डोळे उघडले की १०-११ मध्ये काहीजण सरळ रीतीवर येतात, म्हणून पाचांची सरसकट सरासरी काढू नका. ७-८ वेगळे, १०-११ वेगळे आणि ९वं सुटलं की नाही एवढंच.

प्रत्येक उदाहरणाला अडीच मिनिटं द्या. एका बाकावर दोघं बसवलेत तर निकाल शेजाऱ्याचा येईल.

उत्तर | तर्कवितर्क
चर्चेत फंक्शनल फिक्स्डनेस घुसडू नका, जर्नलांमध्ये ती गल्लत हमखास दिसते. ती डुंकरच्या मेणबत्तीच्या प्रयोगातली. पिना खोक्यात भरून दिल्या की खोकं म्हणजे पिना ठेवायची वस्तू एवढंच दिसतं, ते भिंतीला टोचून त्यावर मेणबत्ती उभी करता येईल हे सुचत नाही. खोकं रिकामं दिलं तर जास्त जणांना सुचतं. तिथे वस्तूचा उपयोग डोक्यात पक्का बसलेला असतो, तुमच्या प्रयोगात रीत.

उत्तर | मापनकट्टा
बुद्धिमत्तेचा निष्कर्ष अजिबात नको. बिने-कामत चाचणीत बुद्ध्यांक म्हणजे मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय गुणिले १००: १० वर्षांच्या मुलाचं मानसिक वय १२ आलं तर १२०. वेक्सलरच्या चाचण्यांत त्याच वयोगटाच्या सरासरीपासूनचं अंतर बघतात, सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५. दोन्हींसाठी मोठ्या नमुन्यावरून काढलेली मानकं (तुलनेसाठीचे गुण) लागतात. भांड्यांच्या ११ उदाहरणांना तुमच्याकडे कसली मानकं आहेत?

आणि अडकायला हुशारी आड येत नाही. बिलालिच, मॅक्लिऑड आणि गोबे यांनी २००८ मध्ये बुद्धिबळाच्या तरबेज खेळाडूंना एक डाव दिला. ओळखीच्या पद्धतीने त्यात मात होत होती, पण त्याहून कमी चालींतलीही एक मात होती. 'आम्ही दुसरा मार्ग शोधतोय' असं खेळाडू सांगत होते, पण त्यांची नजर ओळखीच्या मार्गातल्या घरांवरच पुन्हा पुन्हा जात होती.

सायको_एफवाय
कळलं. त्याच ३० जणांवर पुन्हा घेतला तर?

प्रयोगवही
नको, त्यांना आता दोन्ही रीती माहीत आहेत. दुसऱ्या तुकडीतले घ्या, गट चिठ्ठ्या टाकून पाडा. ७-८ मध्ये एकदा तरी लांबची रीत वापरणारे आणि न वापरणारे असा २×२ तक्ता करून काय-वर्ग (गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते बघणारी कसोटी) काढा. एखाद्या चौकटीत अपेक्षित वारंवारता ५ च्या खाली गेली तर फिशरची कसोटी.