अलेक्झांडर मॅकक्वीन: नुसती खळबळ की कारागिरीही?

शिवणवेडा: लंडनचे फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅकक्वीन यांच्याविषयी वाचताना कमरेखाली बसणाऱ्या ‘बम्स्टर’ विजारी आणि १९९५ चा ‘हायलँड रेप’ हा पोशाखसंग्रह यांचीच चर्चा आढळते. टॅक्सीचालकाचा मुलगा केवळ खळबळ माजवून १९९६ मध्ये पॅरिसच्या जिवाँशी या फॅशनगृहाचा मुख्य डिझायनर होतो, हे मला पटत नाही. जाणकारांनी त्यांच्या कारागिरीविषयी सांगावे.

उभा धागा: आपली शंका रास्त आहे. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते शिंप्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरील अँडरसन अँड शेपर्ड या शिंप्यांकडे उमेदवारीला लागले, पुढे गीव्हज अँड हॉक्समध्ये आणि नाटकांचे पोशाख पुरवणाऱ्या एंजल्स अँड बरमन्समध्ये हात तयार झाला, आणि मगच ते सेंट्रल सेंट मार्टिन्स या कला महाविद्यालयात शिकायला गेले. तेथील त्यांचा १९९२ चा संग्रह फॅशन-संपादक इझाबेला ब्लो यांनी ५,००० पौंडांना, तोही हप्त्याहप्त्याने, विकत घेतला. बम्स्टरकडेही शिंप्याच्या नजरेने पाहावे: विजारीचा पट्टा खाली आणला की धड लांब दिसते, आणि मॅकक्वीन यांना तेच साधायचे होते. कमरेचा आधार सुटलेली विजार अंगावर टिकवायची, तर ती किती नेमकी बेतावी लागेल, हे कोणत्याही मास्टरला विचारावे.

कात्रीवाली: बेतण्यातले कसब मान्य, पण त्याच्याआड वाद झाकू नये. ‘हायलँड रेप’मध्ये फाटक्या पोशाखांतील मॉडेल अडखळत चालल्या, तेव्हा मॅकक्वीन यांच्यावर स्त्रीद्वेषाचा आरोप झाला. आपण इंग्लंडने स्कॉटलंडवर केलेल्या अत्याचाराविषयी बोलत आहोत, असे स्कॉटिश वंशाचा अभिमान बाळगणाऱ्या मॅकक्वीन यांचे म्हणणे होते. ते मला प्रामाणिक वाटते. तरीही शीर्षकातला तो शब्द धक्का देण्यासाठीच निवडला होता, असे माझे मत आहे. याउलट सप्टेंबर १९९८ मध्ये मॅकक्वीन यांच्या कार्यक्रमात मॉडेल शालोम हार्लो फिरत्या चौथऱ्यावर उभ्या राहिल्या आणि दोन यंत्रमानवांनी त्यांच्या पांढऱ्या पोशाखावर काळा-पिवळा रंग फवारला, तेव्हा कोणाचीही विटंबना न होता प्रेक्षक थक्क झाले. त्याच कार्यक्रमात दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेल्या धावपटू एमी मलिन्स नक्षीदार लाकडी पायांवर चालल्या.

उभा धागा: शीर्षकाबाबत मी आपल्याशी सहमत आहे. लाकडी पायांविषयी एक भर घालतो: ते कोरीवकाम इतके सफाईदार होते की पाहणाऱ्यांना ते बूटच वाटले, असे स्वतः मलिन्स यांनी नंतर सांगितले आहे.