पाठीवरचं बाळ चालत नसतं

'दोन वर्षांपर्यंत मुलाला गडावर नेऊच नये, थंडीने आजारी पडतं' असं कुणीतरी लिहिलंय ते काही पटलं नाही. वाडीवस्तीवरच्या बायका तान्ही पोरं झोळीत घेऊन रानात जातातच की. पण थंडीचा मुद्दा अगदीच खोटा नाही, फक्त कारण वेगळं आहे.

आमची लेक चौदा महिन्यांची असताना डिसेंबरात पहाटे लोहगडला गेलो. लोहगडवाडीपासून वर पायऱ्याच आहेत, त्यामुळे वाट सोपी. लेक पाठीवर, बाळाला बसवायच्या कॅरिअरसकट बारा-तेरा किलो, मी घामाने निथळत होतो. मला गरम होतंय म्हणजे तिलाही होत असणार, असं समजून तिचं स्वेटर काढलं. वर पोचलो तेव्हा पोरगी गप्प, पाय बर्फासारखे! आपण चालतो म्हणून तापतो. ती तासभर नुसती बसलेली, वर वारा थेट अंगावर. आपल्या अंगावरून तिच्या कपड्यांचा अंदाज बांधायचा नाही, हे तेव्हा कळलं. आता मानेमागे बोटं घालून बघतो. हातपाय गार असले तरी मान कोमट असेल तर बहुधा ठीक असतं. मान घामेजली तर एक थर कमी, गार लागली तर वाढवायचा. शिवाय दर अर्ध्या तासाने खाली उतरवून पाय मोकळे करू देतो. तेवढ्यात केळं मात्र बाहेर काढू नका, तिथली माकडं टपलेलीच असतात.