अनुभव धागा: जवळ डीलर नसलेल्या ब्रँडचा ट्रॅक्टर

शिवारपाखरू
आज रस्त्याकडेला एक जुना आयएमटी दिसला, टायर बसलेले, बॉनेटवर वेल चढलेला, आणि हा धागा काढावासा वाटला. युगोस्लाव्हियातली ही कंपनी मॅसी फर्ग्युसनच्या परवान्यावर ट्रॅक्टर बनवायची. त्यामुळे आयएमटी ५३३ ला डीलर नसला तरी मॅसी ३५ चे बरेच पार्ट बसतात. म्हणजे डीलर जवळ नसणं वेगळं आणि पार्ट न मिळणं वेगळं. ज्यांनी असे ब्रँड वापरलेत, उघडलेत, विकलेत त्यांनी लिहा. ‘घेऊ नका’ एवढंच लिहून पळू नका, नेमकं कुठे अडतं ते लिहा.

टॉपलिंक
घेऊ नका.
(पळालो)

दहानंबरी_पाना
टॉपलिंक 😄
आधी पाट्या वाचा, मग रंग बघा. इंजिनावरची पाटी, इंजेक्शन पंपावरची (नोझलला डिझेल दाबून देणारा पंप), पुढच्या अ‍ॅक्सलवरची, स्टार्टर-अल्टरनेटरवरची. कितीतरी कंपन्या इंजिन स्वतः बनवत नाहीत. पर्किन्स, यानमार, कुबोटा यांची इंजिनं दुसऱ्यांच्या बॉनेटखाली सर्रास असतात. फोर व्हीलचा पुढचा अ‍ॅक्सल अनेकदा कारारोचा निघतो. पंपाचं काम करणारा माणूस ट्रॅक्टरचं नाव विचारतच नाही, पाटीवरचा नंबर विचारतो आणि पंप टेस्ट बेंचवर चढवतो.
त्यामुळे पिस्टन, लायनर, गास्केट, नोझल, स्टार्टरचे कार्बन यासाठी ब्रँडच्या डीलरवाचून खोळंबा होत नाही. अडतं ते गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांकडे ताकद वळवणारी गिअरची जोडी), अवजार उचलणाऱ्या लिफ्टचा कंट्रोल व्हॉल्व्ह, वायरिंग, मीटर आणि पत्रा यांच्यापाशी. हे कंपनीचं स्वतःचं असतं. घेण्याआधी याच सहा गोष्टींची चौकशी करा.

माळरान
पानावाले दादा बरोबर. चौकशी कशी करायची ते मी लिहितो. ‘पार्ट मिळतात का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, सगळं मिळतं. म्हणून पार्ट नंबर हातात घेऊनच विचारा. क्लच प्लेट, वॉटर पंप, हायड्रॉलिक पंप, पुढच्या अ‍ॅक्सलचं बेव्हल गिअर, इग्निशन स्विच. प्रत्येकाला तीनच प्रश्न: आत्ता फळीवर आहे का, नसेल तर कोणत्या गोदामातून येणार, किती दिवसांत. फिल्टर फळीवर असणं म्हणजे काही विशेष नाही. बेव्हल गिअर कुठे आहे हे ज्याला सांगता येतं त्याच्यामागे खरी कंपनी उभी आहे.
पार्ट कॅटलॉग (सुट्या भागांच्या चित्रांचं पुस्तक) खरेदीच्या वेळीच मागून घ्या, पीडीएफ चालेल. ते द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच समजून जा.
आणि एकाच मॉडेलमध्ये चेसिस नंबरप्रमाणे पार्ट बदलतात. ‘अमुक नंबरपर्यंत हा, पुढे तो’ अशी नोंद कॅटलॉगमध्ये असते. ती न बघता मागवलं की हमखास चुकीचा पार्ट येतो, आणि लांबून आलेला पार्ट परत करणं म्हणजे नवी कटकट. चेसिस, इंजिन, पंप सगळ्या पाट्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नंतर पाटीवर ग्रीस आणि रंग चढतो, काही दिसत नाही.

गारवेल
शिवारपाखरू, वेल कुठला होता? निळी फुलं असतील तर ती मीच 😄

शिवारपाखरू
फुलं नव्हती हो ताई. नुसती पानं. सीटपर्यंत पोचला होता.

ऑइलसील
नावाला जागून सीलवर लिहितो. सील काढताना फोडू नका, त्याच्यावर मापं असतात. ३५×५२×७ म्हणजे आतला व्यास ३५, बाहेरचा ५२, जाडी ७ मिमी. ती घेऊन कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जा. अक्षरं पुसली असतील तर व्हर्नियरने शाफ्ट आणि घर मोजा, झिजलेलं सील मोजू नका. दोन ठिकाणी मात्र सांभाळा. क्रँकच्या मागच्या सीलला उष्णता लागते, तिथे साधं नायट्राइल रबर कडक होतं, उष्णता सोसणारं व्हायटॉन मागा. आणि पुढच्या हबला कॅसेट सील (स्वतःच्या बाहीसकट येणारं, चिखल अडवणारं सील) असेल तर साधं सील बसवून भागत नाही, चिखलात लगेच जातं.
बेअरिंगचंही तेच. ६२०६ म्हणजे जगात कुठेही ३०×६२×१६. पण नंबराच्या शेपटीकडेही बघा. सी३ लिहिलं असेल तर आतला ढिलेपणा जास्त असलेलं बेअरिंग आहे, त्या जागी साधं घातलं की गरम होऊन आवळतं.

वाफसा
धारा काढायच्या आहेत, घाईत लिहिते. हायड्रॉलिक होजच्या आट्यांबद्दल कुणीतरी लिहा प्लीज. नवीन नट दोन आटे चढतो आणि अडतो, नाहीतर पूर्ण चढतो आणि पाझरतो. रात्री येऊन वाचते.

दहानंबरी_पाना
वाफसाताई, आटे वेगळ्या घराण्याचे आहेत. बीएसपी, एनपीटी, जेआयसी, मेट्रिक असे चार प्रकार तर नेहमी भेटतात. अर्ध्या इंचात बीएसपी आणि एनपीटी दोघांचे इंचाला १४ आटेच, म्हणून एकमेकांवर चढतात. पण आट्याचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. टेफ्लॉन टेप गुंडाळून हे पाझरणं थांबत नाही. थ्रेड गेज घ्या, लहानशी वस्तू आहे. जुना होज दोन्ही टोकांसकट घेऊन जा आणि तशीच टोकं दाबून नवा बनवून घ्या. टोक एकाचं आणि अ‍ॅडॉप्टर दुसऱ्याचा असा खेळ करू नका.
हायड्रॉलिक गिअर पंप दुसऱ्या कंपनीचा बसवायचा असेल तर पाच गोष्टी जुळवा: एका फेऱ्याला किती सीसी तेल ढकलतो, फिरण्याची दिशा, शाफ्ट (टेपर की स्प्लाइन), फ्लँजची भोकं, पोर्टचे आटे. उलट्या दिशेचा पंप बसवला की सुरू करताच शाफ्टचं सील बाहेर फेकतो.

निवांत_भाऊ
ऑइल फिल्टरमध्ये पण हाच घोळ. काही इंजिनांना पाऊण इंच १६ आट्यांचा स्टड, काहींना २० मिमी दीड पिचचा (दोन आट्यांत दीड मिमी अंतर). २० मिमीवाला फिल्टर पाऊण इंची स्टडवर ढिला का होईना चढतो. रबर दाबल्यावर घट्ट वाटतो, मग ऑइलच्या प्रेशरने उडतो आणि इंजिन कोरडं चालतं. दिसायला सारखा आहे एवढ्यावर फिल्टर घेऊ नका.

टॉपलिंक
परत आलो. विचार करून सांगतो, घेऊ नका 😛
बरं, खरंच काहीतरी लिहितो. अवजारांची भीती घालतात लोक, ती खोटी. पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) ६ स्प्लाइन म्हणजे खाचांचा, ५४० फेऱ्यांचा आणि लिंकेज (अवजार जोडायचे मागचे हात) कॅटेगरी १ किंवा २ मापाचं असेल तर कुणाचाही रोटाव्हेटर लागतो. खालच्या लिंकची पिन कॅटेगरी १ ला २२ मिमी, २ ला २८ च्या आसपास. फरक असेल तर बुश घालून भागतं. टायरही बाजारातलेच.

माळरान
फोर व्हील असेल तर टायरचं इतकं सोपं नाही टॉपलिंक. पुढची चाकं मागच्यांपेक्षा साधारण १ ते ५ टक्के जास्त धाव घेतील असं गिअरिंग केलेलं असतं. एकाच मापाच्या टायरचा घेर कंपनीगणिक बदलतो. पुढचे एका कंपनीचे, मागचे दुसऱ्या कंपनीचे असे घातले की हे गणित बिघडतं, कठीण जमिनीवर गिअरमध्ये ताण भरतो, पुढचे टायर घासतात आणि शेवटी तेच बेव्हल गिअर तुटतं जे फळीवर नाही. टायर घेताना रोलिंग सरकमफरन्सचा (एका फेऱ्यात टायर किती अंतर धावतो त्याचा) आकडा विचारा.

फ्यूजबॉक्स
सगळे नटबोल्टवर बोलताय, वायरिंगचं कुणीच काढत नाही. माझ्या मते आजचा खरा प्रश्न तिथेच आहे. कॉमन रेल इंजिनात (डिझेल एकाच जास्त दाबाच्या नळीतून, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने सोडणारं) सेन्सर गेला की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ताकद कापतो, ट्रॅक्टर चालतो पण नांगर ओढत नाही. बिघाडाचा कोड वाचायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, ते डीलरच्या लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप तुमच्यापासून लांब. काही सेन्सर बॉशसारख्यांचे असतात, नंबरावरून बाहेर मिळतात. पण नवा इंजेक्टर बसवल्यावर अनेक इंजिनांत त्याचा कोड ईसीयूत भरावा लागतो, तिथे गाडी पुन्हा अडते. डीलर लांब असेल तर शक्यतो यांत्रिक पंपाचं मॉडेल घ्या.
हवा काढण्याची जुनी सवय इथे चालवू नका. यांत्रिक पंपाला आधी फिल्टरचा स्क्रू, हँड प्राइमरने बुडबुडे संपेपर्यंत, मग पंपाचा स्क्रू, मग स्टार्टर मारत नोझलचा नट, असा क्रम. कॉमन रेलमध्ये नोझलचा नट चालू इंजिनावर सोडायचाच नाही. हजार बारच्या वरचं प्रेशर, डिझेलची धार कातडीत घुसते.

गारवेल
बापरे.
बाकी कुणी सीटच्या स्प्रिंगबद्दल लिहिणार आहे का? कंबरेचे पार्ट तर कुठल्याच डीलरकडे नाहीत.

निवांत_भाऊ
ताई, कंबरेला फक्त जेन्युइन पार्ट 😂

दहानंबरी_पाना
घरी काय ठेवायचं ते राहिलं. ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टरचे दोन-दोन संच, एअर फिल्टर आतला-बाहेरचा, फॅन बेल्ट, रेडिएटरचे वरचे-खालचे पाइप, थर्मोस्टॅट, तांब्याचे वायसर वेगवेगळ्या मापांचे, पीटीओ शाफ्टचं सील, क्लच केबल असेल तर केबल, स्टार्टरचा सोलेनॉइड, इग्निशन स्विच. यातली एखादी वस्तू ऐन पेरणीत नसली की ट्रॅक्टर बांधावर आणि वाफसा निघून जातो (ताई, तुम्ही नाही).
लेथवर काय होतं: बुश, पिना, शाफ्टचं घासलेलं सीलचं ठिकाण, वॉटर पंपाची शाफ्ट. काय होत नाही: क्राऊन-पिनियन. ते जोडीने घासून जुळवलेले असतात, दोघांवर एकच जोडनंबर असतो. एकच बदललं किंवा कडकपणाची प्रक्रिया न करता नवीन कापून घातलं तर आधी आवाज येतो, मग दात जातात.

नांगरट
वॉरंटीचं बघा. कार्डात ‘डीलरकडे आणल्यास’ असं असेल तर ट्रॅक्टर लादून नेण्याचा खर्च तुमचा. मेकॅनिक शेतावर येणार का, कोणाच्या खर्चाने, हे लेखी घ्या. बहुतेकांची पहिली सर्व्हिस ५० तासांना असते, तेव्हा नव्या गिअरचा लोखंडी चुरा ऑइलात आणि हायड्रॉलिकच्या गाळणीत येतो. डीलर लांब म्हणून ती लांबवू नका. बाहेर केली तर बिलं, तासांचा आकडा, ऑइलचा ग्रेड यांची नोंद ठेवा.
ब्रेक ऑइलात बुडालेले असतील तर यूटीटीओच (गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक तिन्हींसाठीचं एकच ऑइल) टाका, पुस्तकात लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचं. दुसरं कुठलं गिअर ऑइल टाकलं की ब्रेक किंचाळतात, आणि लोक उगाच ब्रेक उघडत बसतात.

वाफसा
आले. पानावाले दादा धन्यवाद, थ्रेड गेज मागवते. अजून एक. क्लच प्लेट बाहेरची घ्यायची तर काय बघू?

ऑइलसील
बाहेरचा व्यास, स्प्लाइनची संख्या, शाफ्टची जाडी आणि हबची उंची कोणत्या बाजूला जास्त आहे ते. काढतानाच फ्लायव्हीलच्या बाजूला खडूने खूण करा. जुनी प्लेट चांगली असेल तर नुसतं लायनिंगही बदलून मिळतं. एकदा ट्रॅक्टर मधून फोडलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील त्याच वेळी बदला, मजुरी एकच लागते.

टॉपलिंक
आणि व्हायटॉन मागा.

ऑइलसील
शाब्बास.